कागद आणि काच : कुकच्या जहाजावरची चित्रं, आपल्या भिंतीवर

बेळगावात शहापूरच्या आमच्या दुकानात फ्रेमा करता करता जे कळलं ते मी या सदरात सांगते. गेल्या अंकात कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतून निघणाऱ्या छापील चित्रांवर लिहिलं होतं. अठराव्या शतकात इंग्रजांची (त्यांत कॅप्टन जेम्स कुकची) आणि फ्रेंचांची जहाजं पॅसिफिक महासागर धुंडाळायला निघाली, सोबत चित्रकार नेले, आणि परत आल्यावर त्यांची चित्रं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून पुस्तकांत छापली, एवढाच तो विषय. वाटलं होतं, कोण वाचतंय हे! पण पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्यांना फक्त ‘किती पैसे मिळतील’ एवढंच विचारायचं होतं त्यांच्यासाठी शेवटी एकच उत्तर आहे, तिथे बघा.

काकी, आमचे आजोबा कॅम्पात लष्करी कचेरीत कारकून होते. स्वातंत्र्याच्या वेळी एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी एक चित्र घेतलं. रात्रीच्या वेळी बायका नाचताहेत, भोवती माणसं बसली आहेत. खाली इंग्रजीत ‘अ नाइट डान्स बाय विमेन, इन हापाई’. अगदी बारीक अक्षरांत डावीकडे वेबर आणि उजवीकडे शार्प अशी नावं. हे खरंच जुनं की कुठल्या कॅलेंडरचं पान? घरात दोन तट पडलेत. (एक वाचक, टिळकवाडी)

दोन्ही तटांना म्हणावं, चित्र भिंतीवरून उतरेपर्यंत भांडण तहकूब. नुसतं चित्राकडे बघून काही ठरत नाही, कारण चित्राची नक्कल कुणीही करतं. कागदाची, कडेची आणि पाठीची नक्कल करणं त्या मानाने कठीण. म्हणून दुकानात कुणी असलं काही आणलं की मी आधी पाठ बघते, मग कड, मग कागद. चित्र सगळ्यात शेवटी.

टेबलावर जुनी चादर पसरून फ्रेम पालथी घाला. मागचे खिळे गंजलेले असणार. हिसका देऊ नका, पकडीने हळूहळू सरळ करून काढा. मागच्या पुठ्ठ्यावर किंवा फळीवर कुण्या दुकानदाराची चिठ्ठी डकवलेली असेल तर ती जपून ठेवा, चित्र कुठून कुठे फिरलं याचा तो पुरावा आहे. आणि चित्र काचेला चिकटलेलं दिसलं तर तिथेच थांबा. फ्रेमसकट कुणा जाणत्याकडे न्या. ओढलंत तर कागदाचा पापुद्रा काचेलाच राहील.

चित्र सुटं निघालं, तर खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरा. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना खाचांमध्ये शाई भरतात, वरची शाई पुसून टाकतात, ओलसर केलेला कागद पत्र्यावर ठेवतात आणि दोन जड रुळांमधून दाबून काढतात. खाचेतली शाई कागद उचलून घेतो, आणि त्या दाबाने पत्र्याची चौकट कागदात खोल बसते. नावांच्या ओळींच्या बाहेर अशी दबलेली चौकोनी कड दिसली तर गोष्ट पुढे गेली म्हणायची. नाही दिसली तर लगेच नकली ठरवू नका. पट्टीत बसत नाही म्हणून कडेच्या आत कागद कापून टाकणारे फ्रेमवाले कमी नव्हते. आमच्याच धंद्यातल्या लोकांचे प्रताप, काय सांगू! उलट हल्ली कोऱ्या कागदावर खोटी कड दाबून देणारेही आहेत, म्हणून नुसत्या कडेवर विसंबायचं नाही.

मग भिंग घ्या. कोरणारा पोलादी हत्याराने तांबं पुढे ढकलत रेघ काढतो. हत्यार आत शिरतं तिथे रेघ बारीक, मध्ये जाड, आणि बाहेर येते तिथे पुन्हा टोकदार. शाई कागदाच्या किंचित वर उभी असते. कॅलेंडरच्या पानावर मात्र भिंगाखाली सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसेल. ती छपाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी रुळली. इथे एक सावधगिरी: त्या काळातले काही कोरणारे, विशेषतः फ्रान्सिस्को बार्तोलोझ्झी, मुद्दाम ठिपक्या-ठिपक्यांनी काम करत. ते ठिपके हाताचे, लहानमोठे आणि वेडेवाकडे असतात. जाळी नसते ती.

कागद उजेडासमोर धरलात आणि आत समांतर रेघा दिसल्या तर तो तारांच्या जाळीवर गाळलेला जुना हातकागद. पण रेघा नसल्या म्हणजे नवा असंही नाही. इंग्लंडात व्हॉटमनच्या गिरणीत १७५७ च्या सुमारासच बिनरेघांचा गुळगुळीत कागद तयार होत होता. दोन्ही कागद चिंध्यांचे, तागाच्या आणि सुती कापडाच्या. त्यामुळे सव्वादोनशे वर्षांनीही तो वाकतो, मोडत नाही. लाकडाच्या लगद्याचा कागद पुढे आला, आणि तोच कडेला तांबडा होऊन बिस्किटासारखा तुटतो.

आता तुमच्या चित्राबद्दल. डावीकडे नाव असतं चित्र काढणाऱ्याचं, उजवीकडे कोरणाऱ्याचं. जॉन वेबर हा कॅप्टन जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीवरचा (१७७६ ते १७८०) नेमलेला चित्रकार. विल्यम शार्प लंडनचा कोरणारा. हापाई म्हणजे टोंगा बेटांमधला एक पुंजका. कुक तिथे मे १७७७ मध्ये होता. त्याची जहाजं ‘रेझोल्यूशन’ आणि ‘डिस्कव्हरी’ तिथे नांगरून होती आणि तिथल्या सरदारांनी पाहुण्यांसाठी नाचगाण्याची चंगळ केली. आधीच्या सफरीतच कुकने या बेटांना ‘मित्रबेटं’ असं नाव देऊन टाकलं होतं. पुढची गंमत त्याला कळलीच नाही. १८०६ साली टोंगात एक इंग्रज जहाज लुटलं गेलं. त्यावरचा विल्यम मॅरिनर नावाचा पोरगा वाचला आणि सुमारे चार वर्षं तिथल्या लोकांत राहिला. त्याची हकिकत १८१७ मध्ये छापली गेली. तिच्यात तिथल्या लोकांच्या तोंडची गोष्ट आहे की अशाच मेजवानीच्या वेळी कुकला आणि त्याच्या माणसांना मारून जहाजं लुटायचा बेत ठरला होता. वेळ कुठली साधायची यावर सरदारांचं आपसात जुळलं नाही, म्हणून तो बारगळला. खरं-खोटं टोंगावाले जाणोत. पण तुमच्या भिंतीवरचा नाच आता तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

चित्र जुनं ठरलं तरी एक प्रश्न उरतोच: कुठल्या पुस्तकातलं? कुकच्या तिसऱ्या सफरीच्या हकिकतीची सरकारी आवृत्ती १७८४ साली निघाली, मजकुराचे तीन खंड आणि मोठ्या चित्रांची वेगळी ॲटलस. किंमत साडेचार गिनी, म्हणजे चौऱ्याण्णव शिलिंग आणि सहा पेन्स. तरी तीन दिवसांत सगळ्या प्रती संपल्या. मागणी एवढी म्हटल्यावर नकला करणारे गप्प बसतील होय? अलेक्झांडर हॉग नावाच्या लंडनच्या प्रकाशकाने तीच चित्रं आपल्या माणसांकडून पुन्हा कोरून घेतली आणि सहा-सहा पेन्सच्या ऐंशी हप्त्यांत विकली. हिशेब करा, बारा पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे चाळीस शिलिंग झाले, तेही थोडे थोडे द्यायचे. हॉगच्या पानावर बहुतेक वेळा चित्राभोवती नक्षीदार चौकट असते आणि खाली त्याचं नाव आणि पेटरनॉस्टर रो हा पत्ता. तुमच्या चित्राखाली शार्पचं नाव आहे, चौकटही साधी असेल तर पारडं सरकारी आवृत्तीकडे झुकतं. पक्कं मात्र कड आणि कागद बघूनच.

हॉगचं निघालं तर नाक मुरडू नका. काम खडबडीत असतं, चेहरे एका साच्यातले असतात, हे खरं. पण साडेचार गिनी ज्याला परवडत नव्हत्या त्या माणसाने पॅसिफिक बघितला तो हॉगच्या पानांतून. मला ती पानं आवडतात.

आणखी एक. तांबं मऊ. काही हजार प्रती काढल्या की रेघा झिजतात, मग छाप करडी, फिकी येते. तेव्हा जात्याला टाकी लावावी तसा कोरणारा झिजलेल्या रेघा पुन्हा खोल करायचा. त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन छापांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुमच्या चित्रात नाचणाऱ्यांच्या मागचा अंधार काळाभोर आहे की राखेसारखा, तेवढं बघून कळवा.

निपाणीहून : कोल्हापूरच्या एका दुकानातून मी ताहितीचं रंगीत चित्र घेतलं. हिरवे माड, निळं पाणी. विकणारा म्हणाला, रंग ‘त्याच काळचे’. खरं का?

कुकच्या सरकारी पुस्तकांतली चित्रं काळ्या शाईत विकली गेली. रंग लावलेच असतील तर नंतर कुणीतरी हाताने. ‘नंतर’ म्हणजे १७९० असू शकेल आणि गेल्या दिवाळीचं रंगकामही असू शकेल. जुन्या हिरव्या रंगात बऱ्याचदा तांब्याचा गंज असायचा आणि तो कागद खातो. चित्र उलटं करा: माडांच्या मागे पाठीवर तपकिरी छाया उतरलेली असेल तर रंग जुना असण्याची शक्यता चांगली. पाठ कोरी करकरीत आणि पुढे हिरवं झगझगीत असेल तर विकणाऱ्याला चहाला बोलवा आणि पुन्हा विचारा.

तुम्ही दुसऱ्या एका फुलाच्या चित्राचाही फोटो पाठवलाय, खाली ‘बँक्स’ असं आहे. तो प्रकार निराळा आणि फार मजेचा. कुकच्या पहिल्या सफरीवर (१७६८ ते १७७१) जोसेफ बँक्स नावाचा श्रीमंत वनस्पतिवेडा स्वतःच्या खर्चाने चित्रकार घेऊन गेला होता. त्यातला सिडनी पार्किन्सन दिवसरात्र झाडं-फुलं चितारत राहिला आणि परतीच्या वाटेवर, बटाव्हियाचा (आजचं जकार्ता) आजार अंगात घेऊन, जानेवारी १७७१ मध्ये समुद्रातच मेला. बँक्सने लंडनमध्ये त्या चित्रांवरून ७४३ तांब्याचे पत्रे कोरून घेतले. १७८४ पर्यंत काम चाललं होतं. आणि ते छापून पुस्तक काढणं त्याच्या हयातीत झालंच नाही! पत्रे पडून राहिले. शेवटी १९८० ते १९९० या काळात त्यातल्या ७३८ पत्र्यांवरून लंडनमध्ये रंगीत छापण्याचं काम झालं, पत्र्यावरच हाताने निरनिराळे रंग भरून, फक्त शंभर संच. म्हणजे पत्रा पेशवाईतला, छाप माझ्या लग्नानंतरची. तुमचं फूल त्यातलं आहे की त्याची साधी ऑफसेट नक्कल, हे भिंग सांगेल. ऑफसेट असेल तर तीच ठिपक्यांची जाळी.

जांबोटीकडे आमचं घर. पावसाळ्यात चित्रावर तांबूस ठिपके आलेत. शेजारी म्हणतात लिंबू चोळा, एकजण म्हणतो ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात बुडवा. उन्हात ठेवू का? (एक वाचक, खानापूर तालुका)

लिंबू भातावर पिळा. ब्लीचिंग पावडर न्हाणीघरात. ऊन लोणच्याला.

चेष्टा बाजूला ठेवते, कारण तुमच्या भागातला पाऊस मला माहीत आहे. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला की ओल हाताला लागते. ते ठिपके काही अंशी बुरशीचे, काही अंशी कागदातल्या लोखंडाच्या कणांचे असतात. घरच्या घरी ते जात नाहीत. घालवायला गेलात तर कागदाचा जीव जातो. ब्लीचने आज पांढरा दिसेल, पुढे पिवळा पडून भुगा होईल. ठिपके राहू द्या, त्यांची वाढ थांबवा.

त्यासाठी: चित्र बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर टांगा. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नुसत्या काचेला टेकलेला कागद पहिल्याच आषाढात चिकटतो. माउंट आम्लमुक्त बोर्डाचा मागा. बेळगावात मिळतो, दुकानदार ‘तसलं काही येत नाही’ म्हणाला तर दुसऱ्याकडे जा. पाठीला हार्डबोर्ड थेट लावू नका, मध्ये त्याच बोर्डाचा एक थर द्या. आणि चित्र माउंटला चिकटवताना फेविकॉल नको, सेलोटेप तर अजिबात नको. जपानी टिश्यूच्या, म्हणजे पातळ पण चिवट कागदाच्या, दोन पट्ट्या वरच्या कडेला, गव्हाच्या खळीने. बस्स.

खळीवरून आठवलं. आमचे मामंजी वह्या बांधायचे तेव्हा खळीत चिमूटभर मोरचूद टाकत, कसर लागू नये म्हणून. चोपड्यांच्या बांधणीला ते ठीक होतं. असल्या चित्रांना मोरचूद लावू नका. तेही तांबंच, कागद करपतो.

मी हल्याळला बी.ए.ला आहे, विषय इतिहास. सरांनी विल्यम हॉजेसची बनारसच्या घाटांची चित्रं दाखवली. तुमच्या गेल्या लेखात कुकबरोबर गेलेला हॉजेस आहे. दोघे एकच का? आणि ही चित्रं इतिहासाचा पुरावा म्हणून धरावीत का?

एकच बरं. तुझा दुसरा प्रश्न मात्र पहिल्यापेक्षा मोठा आहे.

हॉजेस कुकच्या दुसऱ्या सफरीवर होता, १७७२ ते १७७५. त्या सफरीत ‘रेझोल्यूशन’ने जानेवारी १७७३ मध्ये अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं. त्याआधी तिथवर कुणी गेल्याची नोंद नाही. मग ताहिती, टोंगा, ईस्टर बेटावरचे दगडी पुतळे, न्यूझीलंड. परत आल्यावर थोडी वर्षं लंडन, आणि १७८० मध्ये तो मद्रासला उतरला. कंपनी सरकारचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने त्याला आश्रय दिला. १७८१ मध्ये हेस्टिंग्ज बनारसच्या राजाच्या, चेतसिंगाच्या, मागे लागला आणि तिथे उठाव झाला, तेव्हा हॉजेस तिथेच होता. परत गेल्यावर त्याने भारतातल्या दृश्यांची ॲक्वाटिंट (पत्रा आम्लाने खाऊन सावलीच्या छटा आणण्याची पद्धत) छापचित्रं काढली, १७८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. ती तू पाहिलीस. ज्या डोळ्यांनी बर्फाचे डोंगर पाहिले त्यांनीच गंगेचे घाट पाहिले. नंतर म्हणे चित्रं सोडून एका बँकेत पैसा घातला, ती बुडाली, आणि १७९७ मध्ये तो गेला. कलावंताने सावकारी करू नये हे आमच्या गल्लीतसुद्धा सगळ्यांना माहीत आहे.

आता पुरावा. हॉजेसच्या चित्रावरून जॉन कीज शेर्विन याने कोरलेलं एक प्रसिद्ध छापचित्र आहे, मिडलबर्ग बेटावर उतरण्याचं. आज त्या बेटाला एउआ म्हणतात, तेही टोंगातच. १७७७ च्या सरकारी पुस्तकात ते आहे. त्यातली बेटावरची माणसं बघ: अंगावर चुण्यांची लांब वस्त्रं, उभं राहण्याची ढब देवळातल्या ग्रीक मूर्तींसारखी, नाकंही तशीच. त्याच सफरीवर गेलेला गेऑर्ग फोर्स्टर नावाचा तरुण जर्मन निसर्गशास्त्रज्ञ त्याच वर्षी आपलं स्वतंत्र पुस्तक छापून मोकळा झाला, सरकारी पुस्तकाच्या थोडं आधीच. त्यात त्याने या चित्रावर सडकून टीका केली: असले ग्रीक चेहरेमोहरे त्या समुद्रात कुठे नाहीतच. तो तिथे स्वतः उभा होता, त्याला कळणारच.

मग खोटं कोण बोललं? कुणीच मुद्दाम नाही. बेटावर हॉजेस घाईत काढतो, लोक हलताहेत, होडी परत जायला निघालीय. लंडनला आल्यावर चित्र नीट मांडताना तो अकादमीत शिकवलेल्या पद्धतीने मांडतो. मग कोरणारा. तो आयुष्यभर रोमन पुतळ्यांच्या नकला कोरत आलाय. हाताला जे वळण आहे तेच तो तांब्यात उतरवणार. त्यात छाप उलटी येते, म्हणून मूळ चित्र आरशातल्यासारखं फिरवून कोरावं लागतं. एवढ्या हातांतून गेलेल्या चित्रातली होडी, माडाची जात, कापडावरची नक्षी यांवर मी बऱ्यापैकी विश्वास ठेवते. चेहऱ्यांवर नाही, हावभावांवर तर मुळीच नाही.

कुकच्या मृत्यूचंच चित्र घे. १४ फेब्रुवारी १७७९, हवाईतला केआलाकेकुआ उपसागर. वेबरच्या चित्रात कुक आपल्या माणसांकडे हात करून गोळीबार थांबवायला सांगतोय आणि मागून एकजण सुरा उगारतोय. बार्तोलोझ्झीने माणसं कोरली, विल्यम बर्नने देखावा. वेबर त्या क्षणी किनाऱ्यावर नव्हता. कुक खरंच गोळीबार थांबवा म्हणत होता की होड्या जवळ आणा म्हणत होता, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण चित्रातल्या त्या एका हाताने कुकला दयाळू वीर करून टाकलं. तेव्हा पुरावा म्हणून नक्की धर, पण लंडनमधल्या लोकांना काय बघायचं होतं त्याचा पुरावा म्हणून आधी. हवाईचा नंतर. सरांना सांग, काकीने असं सांगितलं. ते चिडले तर फोर्स्टरचं नाव पुढे कर.

कारवारहून : एवढ्या सगळ्या गोऱ्या नावांत आपल्याकडचा एखादा खलाशी त्या बेटांपर्यंत पोचला होता का हो?

पोचला होता. आणि त्याच्यामुळे एक मोठं कोडं सुटलं.

फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझ १७८५ मध्ये दोन जहाजं घेऊन निघाला. एप्रिल १७८६ मध्ये तो ईस्टर बेटावर होता. त्याच्या ॲटलसमधलं तिथलं छापचित्र मला फार आवडतं. दगडी पुतळ्यांपाशी फ्रेंच अधिकारी मोजमाप करताहेत आणि बेटावरचा एक पठ्ठ्या हळूच एकाची टोपी लांबवतोय. हे चित्र दुशे द वांसी याचं. १७८८ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या बॉटनी बेवरून ला पेरूझने आपली कागदपत्रं इंग्रज जहाजातून पाठवून दिली आणि पुढे निघाला. त्यानंतर दोन्ही जहाजं गायब. चित्रकारही त्यांच्याबरोबर गेला. पाठवलेल्या कागदांवरून १७९७ मध्ये पॅरिसला पुस्तक आणि ॲटलस निघाली. चित्रं पोचली, काढणारा पोचला नाही.

जवळजवळ चाळीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. १८२६ मध्ये पीटर डिलन नावाचा व्यापारी कप्तान कलकत्त्याकडे येताना टिकोपिया नावाच्या चिमुकल्या बेटाशी थांबला. तिथे बरीच वर्षं राहिलेला एक ‘लॅस्कर’ होता, म्हणजे हिंदी खलाशी. ‘जो’ या नावाने त्याची नोंद आहे. त्याच्याकडून तलवारीच्या मुठीचा चांदीचा तुकडा जहाजावर आला. विचारलं तर कळलं की तो शेजारच्या वानिकोरो बेटावरून आलाय, तिथे पूर्वी दोन मोठी जहाजं फुटली होती. डिलन कलकत्त्याला आला, कंपनी सरकारने त्याला ‘रिसर्च’ हे जहाज दिलं, आणि १८२७ मध्ये तो वानिकोरोला जाऊन अवशेष घेऊन आला. फ्रान्सच्या राजाने डिलनला सन्मान आणि पेन्शन दिली. जोचं खरं नाव काय, गाव कुठलं, ते कुणी टिपून घेतलं नाही. त्याचं चित्रही कुणी कोरलं नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात जुनं इंग्रजी प्रवासाचं पुस्तक आहे, आत तांब्याच्या छापाची चित्रं. एक व्यापारी म्हणतो, पुस्तक नको, फक्त चित्रांची पानं द्या, बदल्यात पन्नास नवी मराठी पुस्तकं देतो. कार्यकारिणीत बरेचजण तयार आहेत. (एक ग्रंथपाल, चिकोडी तालुका)

कार्यकारिणीला माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

तो माणूस मूर्ख नाही. चित्रं सुटी करून, रंग लावून, माउंट घालून एक-एक विकली की सगळ्या पुस्तकापेक्षा जास्त पैसे होतात. जगभर या उद्योगात हजारो पुस्तकं फाडली गेली आहेत, आणि माझ्यासारख्या फ्रेमवाल्यांनी त्यावर पोट भरलंय. तरी मी सांगते, देऊ नका. एकदा पान सुटलं की ते कुठल्या पुस्तकातलं, कुठल्या आवृत्तीतलं, हे सांगणारं सगळं मागे राहतं. पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा शेवटी एक यादी असेल, कुठलं चित्र कुठल्या पानासमोर बांधायचं ते बांधणाऱ्याला सांगणारी. ती काढा आणि तुमची चित्रं मोजून घ्या, सगळी आहेत का ते कळेल. चित्रासमोरचं पान बघा, शाईची फिकी सावली उमटलेली असेल. म्हणजे ही दोन पानं पहिल्यापासून समोरासमोर आहेत. असली साक्ष पन्नास नव्या पुस्तकांत मिळणार नाही, ती तर वर्गणीतून येतील.

गावाला चित्रं दिसावीत हा मुद्दा बरोबर आहे. तर चांगल्या उजेडात, पुस्तक पूर्ण न उघडता, खाली उशी देऊन मोबाइलवर फोटो काढा, मोठे प्रिंट काढा आणि ते भिंतीवर लावा. फ्रेमा मी फक्त सामानाच्या किमतीत करून देईन. मूळ पुस्तक कपाटात आडवं ठेवा, बाहेरच्या भिंतीच्या कपाटात नको. पुठ्ठा सुटला असेल तर रबर बँड लावू नका, सुती नाडी बांधा. डांबराच्या गोळ्या पानात ठेवण्याची पद्धत आहे, ती बंद करा. महिन्यातून एकदा कपाट उघडून पानं चाळा. कसरीला आणि वाळवीला माणसाचा हात आवडत नाही.

लॅमिनेशन करू का? (वडगाव)

नको. एकदा केलं की निघत नाही. आधारकार्डाला करा.

आमच्याकडे असली दोन चित्रं आहेत. मुंबईचा एकजण परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी मागतोय, भाव चांगला देतोय. (निपाणी, संकेश्वर, आणि आणखी बरेच)

भाव मी सांगत नाही. कड, कागद, कुठल्या आवृत्तीतलं, रंग कधीचा, डाग किती, एवढं हातात घेऊन बघितल्याशिवाय जो भाव सांगतो तो तुम्हाला फसवतो किंवा स्वतःला. देशातल्या देशात विकायला हरकत नाही. परदेशाचं मात्र वेगळं आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुरावशेषात मोडते, आणि ती बाहेर नेण्याचा अधिकार खाजगी माणसाला नाही. तेव्हा त्या मुंबईकराला विचारा, तुम्ही हे बाहेर नेणार कसं? ‘ते आमच्यावर सोडा’ असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि चित्रं परत भिंतीवर लावा. आतल्या भिंतीवर, मागे बुचाचे काप लावून.